विणून द्यायचं तर कुणाला काय? लोकर, माप आणि आपल्याकडची हवा

अनगोळकरीण

नमस्कार मंडळी. दिवाळी सरली, पहाटे धुकं उतरायला लागलं आणि सुया बाहेर निघाल्या. यंदा घरच्यांना आणि मैत्रिणीला विकतचं काही द्यायचं नाही, हातानं विणूनच द्यायचं असं ठरवलंय. यादी चार जणांची आहे.

धाकट्या जावेचं बाळंतपण माघात आहे, म्हणजे बारशाला बाळासाठी काहीतरी हवं. मामेभाऊ फौजेत आहे, सध्या लेहला. सासूबाईंचे खांदे आणि गुडघे गारठ्यात फार धरतात. आणि कॉलेजातली मैत्रीण बेंगळूरला कंपनीत आहे, तिला दिवसभर एसीखाली बसावं लागतं.

मला दोन सुयांवरचं बऱ्यापैकी येतं. क्रोशात साखळी, मुका खांब, खांब एवढे साधे टाके जमतात. अडचण विणण्याची नाही, निवडीची आहे. आपल्याकडे बेळगावात पहाटे गारठा आणि दुपारी ऊन चटचटतं. संक्रांत झाली की थंडी ओसरायलाच लागते. एवढ्या मेहनतीनं केलेली वस्तू ट्रंकेत पडून राहू नये, अंगावर यावी असं फार वाटतं. तुम्ही कुणाला काय द्याल? आणि लोकर कुठली घ्याल?

कंग्राळीची काकू

अगं, आधी लोकरीचं बोलू, बाकीचं त्यावरच अवलंबून आहे.

खडे बाजारात जा नाहीतर गणपत गल्लीत, लोकर मागितली की बहुतेक वेळा ॲक्रिलिकच, म्हणजे कृत्रिम धागाच, पुढे येतो. वर्धमान, ओसवाल या नावांतही ॲक्रिलिक आहे, मिश्र धागा आहे आणि खरी लोकरही आहे. तेव्हा नाव बघून घेऊ नकोस, गोळ्यावरची पट्टी वाच. पट्टी नसलेली लडी असेल तर दोन इंच धागा चिमट्यात धरून पेटव. खऱ्या लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत बाजूला केली की ती विझते आणि राख बोटानं चुरडता येते. ॲक्रिलिक वितळत जळतं आणि टोकाला कडक मणी राहतो. हे मोरीत कर, पाण्याचा तांब्या जवळ ठेवून.

ॲक्रिलिक वाईट असं मी मुळीच म्हणत नाही. ज्या घरात सगळे कपडे एकत्र मशिनमध्ये जातात तिथं ॲक्रिलिकच द्यावं. खरी लोकर गरम पाण्यात घुसळली गेली की तिचे तंतू एकमेकांत अडकतात, कापड आटतं आणि नमद्यासारखं घट्ट होतं. ते परत सैल होत नाही. मोठ्या माणसाचा स्वेटर पोराच्या मापाचा होतो. म्हणून मी कुणालाही काही विणायच्या आधी एकच गोष्ट बघते, त्या घरात धुणं कोण करतं आणि कसं करतं. रंग, नक्षी हे सगळं त्याच्या नंतर.

बाळंतिणीच्या घरी तर रोजचा कपड्यांचा ढीग. तिथं हातानं, गार पाण्यात, रिठ्यानं धुवायला कुणाला सवड आहे? बाळाला मऊ बेबी ॲक्रिलिक घे. गोळा गालाला आणि मानेला घासून बघ, तिथं टोचला तर बाळालाही टोचणार.

शहापूरची सून

काकूंचं पटलं. बाळाच्या बाबतीत मला महिन्यांचा हिशेब महत्त्वाचा वाटतो. बाळ माघात जन्मणार, म्हणजे बारशानंतर महिन्याभरात शिमगा आणि उकाडा. नवजात बाळाच्या मापाचा स्वेटर केलात तर तो फोटोपुरता अंगावर येईल. त्याऐवजी बारशाला लहानशी कुंची द्या आणि स्वेटर सहा ते नऊ महिन्यांच्या मापाचा करा. जुलै-ऑगस्टच्या झडीत बाळ सहा महिन्यांचं असेल, तेव्हा तो रोज लागेल. बाह्या थोड्या लांब ठेवून दुमडल्या तर पुढच्या थंडीतही चालेल.

बाळाची छाती साधारण ४३-४५ सेंटिमीटर असते त्या वयात. आत सुती झबलं येणार, म्हणून स्वेटरचा घेर ५० तरी ठेवा. आणि गळा! पोरांचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं, डोक्यातून घालायचा स्वेटर असला की रडारड ठरलेली. पुढून उघडा करा, नाहीतर डाव्या खांद्यावर बटणपट्टी द्या. मी पट्टीसाठी खांद्याचे टाके बंद करत नाही, त्याच टाक्यांवर पुढे सहा ओळी दोन सुलट दोन उलट विणते आणि तिसऱ्या ओळीत काजं करते. वेगळी पट्टी शिवायला लागत नाही आणि खांद्याला वळ येत नाही.

बटणं घट्ट शिवा, विणलेल्या धाग्यानं नको, शिवणाच्या दोऱ्यानं.

कंग्राळीची काकू

बरोबर. कुंचीला गळ्याशी लांब नाडी नको हेही सांगते. पूर्वी रेशमी रिबिनी आणि गोंडे लावायचे, दिसायला गोड दिसायचं, पण ते गळ्याभोवती गुंडाळतं आणि गोंड्याची लोकर तोंडात जाते. छोटा बंद आणि एक बटण पुरे. बाळ झोपलं की टोपडं काढून ठेवायला जावेला सांग.

हातमोजे, पायमोजे विणलेस तर शेवटी उलटे करून बघ. आतून सुटलेला एखादा धागा बोटाभोवती आवळला गेला तर बाळाला सांगता येत नाही आणि बाहेरून दिसत नाही. सगळी टोकं विणीत खोवून घ्यायची. जाळीची नक्षीसुद्धा पायमोज्याला नको, बोटं अडकतात.

निवृत्त_कॅम्प

मी विणत नाही, पण विणलेलं भरपूर वापरलंय, लडाखात नोकरी झाली आहे. लेहला हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली १५-२० जातो. तुमच्या भावाला सरकारी गरम कपडे मिळतात आणि ते चांगले असतात. वर्दीवर काय चालतं ते युनिट ठरवतं. त्यामुळं खोलीत, झोपताना, सुट्टीत वापरता येईल असं द्या.

त्याला मात्र ॲक्रिलिक देऊ नका ही विनंती. एक कारण शेगडी. बुखारीजवळ हात शेकत बसतात पोरं. ॲक्रिलिकला ठिणगी लागली तर ते वितळून कातडीला चिकटतं, खरी लोकर सहजासहजी पेट घेत नाही. दुसरं कारण घाम. चढावर चालून आलं की आतून माणूस भिजतो. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा पोटात घेऊनही ओली लागत नाही, ऊब टिकते. ॲक्रिलिक ओलावा जवळजवळ घेतच नाही, मग घाम अंगावरच गार होतो.

मफलरपेक्षा गळ्यात घालायची गोल पट्टी बरी, टोकं कुठं अडकत नाहीत. टोपी कान झाकणारी, गोंडा नको. पायमोजे करणार असाल तर शिवण नको, बुटात शिवण घासली की फोड येतो.

आपल्याकडे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, आसपासच्या गावोगावची पोरं फौजेत. १९६२ च्या लढाईत देशभर आयाबायांनी जवानांसाठी स्वेटर विणून पाठवले होते. घरून विणलेली वस्तू आली की बराकीत सगळे हातात घेऊन बघतात. एवढंच सांगतो, पाठवा.

अनगोळकरीण

दादा, अगदी मनापासून आभार. शेगडीचा विचार मला सुचलाच नसता. भावाला खऱ्या लोकरीची टोपी आणि गळपट्टी नक्की. पायमोजे चार सुयांवर गोल विणायला लागतील ना? तेही शिकते.

कणकुंबीवाला

आमच्याकडं या, थंडीची तक्रार विसराल. मलप्रभा उगम पावते ते हे गाव, पावसाळ्यात महिनोन् महिने ऊन दिसत नाही. आमचे लोकरीचे खरे दिवस आषाढ-श्रावण. त्यामुळं खानापूर, जांबोटी बाजूला कुणाला काही देणार असाल तर पावसाळ्याचा विचार करून द्या. जाड वस्तू वाळतच नाही. दोन दिवसांनी कुबट वास, चौथ्या दिवशी बुरशी. पातळ विणीचं, तीन पदरी धाग्याचं द्या. एकावर एक घालता येतंय आणि पंख्याखाली वाळतंय.

आता एक प्रश्न. घोंगड्याची लोकर विणायला वापरता येईल का? आमचा आजा पावसात घोंगड्याची खोळ घेऊन शेतात उभा राहायचा, पाणी आत यायचं नाही. आपल्या भागातली धनगरांची काळी मेंढी, आणि आपण लोकर आणतो कुठून तर लुधियानाहून. हे बरं वाटत नाही.

कंग्राळीची काकू

भावना माझीही तीच आहे. पण दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ, तिच्यात केसाळ धागा भरपूर असतो. घोंगड्याला तोच गुण उपयोगी पडतो. कापड दाट बसतं, पाणी वरून ओघळून जातं, वर्षानुवर्षं फाटत नाही. तीच लोकर मानेला लावून बघा, घटकाभरात खाज सुटते. अंगावरचं नको, पण आसन, जाजम, पिशवी, लोडाची खोळ हे सगळं करता येईल. जाड क्रोशाच्या सुईनं, सहा-सात मिलिमीटरच्या, मुक्या खांबाचं चौकोनी आसन विणलं तर देवघरात फार शोभतं. काळा, करडा असे नैसर्गिक रंग मिळतात, रंगवायला लागत नाही.

चिकोडीची अक्का

आमच्याकडं धनगरवाड्यावर हाताची कातलेली लोकर अजून बघायला मिळतीय. सांगून ठेवलं तर देतेत. पीळ कमी-जास्त असतोय, म्हणून दोन धागे एकत्र घेऊन विणावं, सारखं दिसतंय. विणायच्या आधी लडी कोमट पाण्यात भिजवून घ्या, तेलकटपणा आणि धूळ निघतीय. मी माहेरी भावाला आसन करून दिलंय, वहिनी त्याच्यावर बसूनच पोथी वाचतीय.

शहापूरची सून

सासूबाईंचं राहिलं. त्या साडी नेसतात का? नेसत असतील तर पूर्ण बाह्यांचा स्वेटर त्यांना त्रासाचा होईल. ब्लाउजची बाही आत गोळा होते, पदर कुठं घ्यायचा ते कळत नाही. बिनबाह्यांची, पुढून उघडी बंडी करा. लांबी कमरेपर्यंतच, म्हणजे निऱ्यांवर येत नाही आणि बसता-उठता चुरगळत नाही. मुंढा, म्हणजे काखेजवळचा गोल, नेहमीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खोल ठेवा. बटणं मोठी, रुपयाएवढी, कारण बोटं आखडलेली असतात तेव्हा छोटं बटण लागत नाही. एक खिसा हवाच, चष्मा नाहीतर गोळ्यांची डबी ठेवायला.

खांदे दुखतात म्हणता तर खांद्यावर दुहेरी विणीचा पट्टा घ्या, बाकी पाठ एकेरी. ऊब हवी तिथं मिळते आणि वजन वाढत नाही. आमच्या शेजारच्या कन्नड आजींना मी अशीच केली होती, गेल्या पावसाळ्यात त्यांच्या अंगावरून उतरली नाही. आता त्यांच्या लेकीनं माप पाठवलंय.

गुडघ्यांना दोन सुलट दोन उलट विणीच्या नळ्या करा. साडीच्या आत दिसत नाहीत.

निपाणीकर_क्रोशा

मापाचा विषय निघाला म्हणून लिहितो. आधी नमुना विणा ही गोष्ट बहुतेक जण टाळतात आणि मग टोपी कुणाच्याही डोक्यावर बसते. ज्या लोकरीनं आणि ज्या सुईनं वस्तू करणार त्यानंच १२-१५ सेंटिमीटरचा चौकोन विणा, धुवा, वाळवा आणि मग मधल्या १० सेंटिमीटरमध्ये टाके मोजा. समजा २२ आले. मोठ्या माणसाचं डोकं ५६ सेंटिमीटर, टोपी ४-५ सेंटिमीटर कमी हवी म्हणजे घट्ट बसते. ५२ धरले तर ५२ गुणिले २.२ म्हणजे ११४ टाके. दोन सुलट दोन उलटला चारच्या पटीत हवेत, म्हणून ११२. झालं.

सुयांचे नंबर आपल्याकडे जुन्या पद्धतीचे, आकडा वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन, १२ म्हणजे पावणेतीन. यूट्यूबवरचे नमुने मिलिमीटरमध्ये असतात, तेव्हा हे लिहून ठेवा.

लोकर एकदम घ्या. पट्टीवर रंगाचा लॉट नंबर असतो, तो सगळ्या गोळ्यांवर एकच हवा. दोन लॉटमधला फरक दुकानातल्या दिव्यात कळत नाही, उन्हात पाठीवर आडवी रेघ दिसते. बाळाच्या स्वेटरला १०० ते १५० ग्रॅम, मफलरला १५०-२००, मोठ्या स्वेटरला ४०० ते ६०० ग्रॅम लागते.

धाग्याच्या लांबीवरून आठवलं. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावच्या टिळकवाडीत गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं. त्यात सभासदत्वासाठी चार आण्यांच्या वर्गणीऐवजी महिन्याला २००० यार्ड हातकताईचं सूत ठरलं होतं. मीटरमध्ये तो आकडा साधारण १८३० येतो. मध्यम जाडीच्या लोकरीत एका बाईमाणसाच्या स्वेटरला १२००-१५०० मीटर पुरतात. म्हणजे लोकांनी दर महिन्याला एका स्वेटरहून जास्त लांबीचा धागा स्वतः कातायचा, नाहीतर दुसऱ्यानं कातलेला द्यायचा! विणणाऱ्यालाच त्या आकड्याचं वजन कळेल.

टिळकवाडी_रेघ

मला वेगळं म्हणायचंय. सगळे लोकर आणि मापाबद्दल बोलताय, पण घेणाऱ्याला हवंय का हे कुणी विचारलं? माझ्या नात्यात एका लग्नात क्रोशाचं मोठं टेबलक्लॉथ दिलं गेलं, करणारीचे डोळे आणि मान गेली त्यात. रुखवतात मांडलं, सगळ्यांनी वाहवा केली, नंतर ते कधीच अंथरलेलं दिसलं नाही. करणारीला फार लागलं. माझं मत, आधी विचारा. रंग विचारा, हवंय का तेही विचारा. गुपित ठेवण्यातला आनंद देणाऱ्याचा असतो.

चिकोडीची अक्का

विचारलं की माणूस संकोचानं 'कशाला त्रास' म्हणतोय की. मग काय करायचं, गप्प बसायचं? मी विचारत नाही, बघून ठेवते. कुठल्या रंगाच्या साड्या नेसती, मफलर कसा गुंडाळतोय, सकाळी फिरायला जातोय का. त्या टेबलक्लॉथचं म्हणाल तर एवढी मोठी वस्तू सणाला काढायचीच असतीय, रोज कोण अंथरणार? त्याच धाग्यात ताटावरचे रुमाल केले असते तर दर हळदीकुंकवाला बाहेर आले असते.

टिळकवाडी_रेघ

अक्का, बघून ठेवणं हेही विचारण्यासारखंच झालं, त्यावर माझं काही म्हणणं नाही. करणारीचे कष्ट वाया जाऊ नयेत एवढंच.

शहापूरची सून

बेंगळूरच्या मैत्रिणीला क्रोशाची त्रिकोणी शाल द्या. खुर्चीच्या पाठीवर ठेवता येते, हवी तेव्हा खांद्यावर. एका टोकापासून सुरू करायची, दर ओळीत कडेला खांब वाढवत जायचं, लोकर संपली की थांबायचं. माप घ्यायलाच लागत नाही. फक्त त्याच मापाला क्रोशाला दोन सुयांपेक्षा जास्त धागा लागतो, एक गोळा जादा घ्या. एसीची हवा कोरडी असते, सुती आणि ॲक्रिलिक मिश्र धागा चालेल, अंगाला चिकटत नाही.

अनगोळकरीण

खूप खूप आभार सगळ्यांचे. ठरलं: जावेच्या बाळाला कुंची आणि पावसाळ्याच्या मापाचा पुढून उघडा स्वेटर, भावाला खऱ्या लोकरीची टोपी आणि गळपट्टी, सासूबाईंना बंडी आणि गुडघ्याच्या नळ्या, मैत्रिणीला त्रिकोणी शाल. लेहला वेळेत पोचायला हवं म्हणून भावाचं आधी घेते. प्रत्येक वस्तूला धुण्याची चिठ्ठी जोडेन.

दोन शंका. खऱ्या लोकरीच्या चिठ्ठीवर काय लिहू? आणि गुडघ्याच्या नळीचं वरचं तोंड टाके बंद केल्यावर आवळतं, मांडीवर वळ येईल. काय करू?

कंग्राळीची काकू

चिठ्ठीवर लिही: गार पाणी, रिठा किंवा लोकरीचा साबण, चोळायचं नाही, पिळायचं नाही. टॉवेलात गुंडाळून पाणी दाबून काढायचं आणि आडवं पसरून सावलीत वाळवायचं, दोरीवर टांगलं की लांबतं. उन्हाळ्यात ठेवून देताना धुऊनच ठेवायचं, कारण घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर कसर आधी लागते. सोबत कडुलिंबाची वाळलेली पानं सुती पिशवीत घालून. कसर लोकर खाते, ॲक्रिलिकला फारशी शिवत नाही, तेव्हा ही चिठ्ठी फक्त भावाला लागेल.

नळीचं असं कर. गुडघ्याचा घेर मोज, ३८ असेल तर नळी ३०-३१ सेंटिमीटरची धर, त्याहून घट्ट नको. टाके बंद करताना दोन टाके मागच्या बाजूनं एकत्र सुलट विण, तयार झालेला एक टाका परत डाव्या सुईवर घे, पुन्हा त्याला आणि पुढच्याला एकत्र. असं शेवटपर्यंत. ही कड विणीइतकीच ताणते. हाताशी असेल तर बंद करायला दोन नंबर जाड सुई घे, म्हणजे १० वर विणलंस तर ८ नंबरची. पहिली नळी झाली की सासूबाईंना घालून अर्धा तास बसव, काढल्यावर कातडीवर रेघ दिसली तर कड उसवून पुन्हा सैल बंद कर आणि मगच दुसरी सुरू कर.